शेजारच्या पातेल्यातलं शीत

‘नमुना’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. एक नमुना प्रयोगशाळेत जातो आणि दुसरा तो न्यायला येतो.

आमच्या सड्यावरचा बॉक्साइट काढून त्यावर इथंच प्रक्रिया करणं ‘व्यवहार्य’ आहे, असा अहवाल आला आहे. चारशेच्या वर पानं, चकचकीत कव्हर, रंगीत नकाशे. मी तो पुरता वाचू शकलो नाही, कारण एका ओळीवर अडकलो : ‘प्रकल्पक्षेत्रातून प्रातिनिधिक नमुना गोळा करण्यात आला.’ हा नमुना गोळा होत होता तेव्हा मी हजर होतो. तात्यांच्या खळ्यात बसून कोकम सरबत पीत होतो. नमुना गोळा करणारे दोघेही तेच करत होते.

सडा वर आहे. चढण पाऊण तासाची, महिना मे. मोठ्या साहेबांनी एकदा वर पाहिलं, एकदा आपल्या बुटांकडे पाहिलं आणि मग तात्यांच्या गडग्याकडे पाहिलं.

“हे दगड इथलेच ना?”

“म्हणजे काय! माझ्या लहानपणापासून इथंच आहेत.”

एवढा पुरावा पुरला. धाकट्या साहेबांनी फिकट, हलके, अंगावर वाटाण्याएवढ्या गाठी असलेले अकरा दगड गडग्यातून उपसले, युरियाच्या रिकाम्या गोणीत भरले, सुतळीनं तोंड बांधलं आणि गोणी बोलेरोत टाकली. दुसरा ग्लास घेऊन मंडळी गेली. आता हा गडगा तात्यांच्या आजोबांनी रचलेला. त्याचे दगड खाडीपलीकडच्या डोंगरावरचे, होडीतून आणलेले, कारण ती आजोबांची सासुरवाडी आणि तिथं दगड फुकट मिळत. तेव्हा नमुना प्रातिनिधिक आहे, याबद्दल वाद नाही. तो तात्यांच्या आजीच्या माहेरचं प्रतिनिधित्व करतो, इतकंच.

शितावरून भाताची परीक्षा आम्हीही करतो. पण शीत त्याच पातेल्यातलं घेतो, आणि आधी पळी तळापर्यंत फिरवतो. बॉक्साइटचं पातेलं तर महालबाड. वर जांभ्याचं कडक कवच, त्याच्याखाली कुठं बॉक्साइटचा खिसा, कुठं नुसतंच लोखंड आणि तळाशी पांढरट चिकणमाती. वीस पावलांवर दगडाची जात बदलते. म्हणून सड्यावर चौकटी आखून भोकं पाडावी लागतात. निघालेला माल कुटायचा, ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, उरलेले टाकायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. कंटाळवाणं काम आहे, पण ते सिलिकासाठी करायचं असतं. बॉक्साइट गरम कॉस्टिक सोड्यात शिजवून अ‍ॅल्युमिना काढतात, आणि चिकणमातीतली सिलिका जवळजवळ आपल्या वजनाइतका सोडा गिळून बसते. तो सोडा परत मिळत नाही. दगडात सिलिका दोन-चार टक्क्यांनी वाढली की कारखान्याचा नफा तिच्या पोटात. तात्यांचा गडगा मात्र तीन पिढ्यांच्या पावसाळ्यांनी धुतलेला, मातीचा कण नाही. अहवालात सिलिका ‘अत्यंत समाधानकारक’ निघाली. निघणारच! दशांशचिन्हापुढं दोन आकड्यांपर्यंत समाधानकारक. मग त्या आकड्याला सड्याच्या क्षेत्रफळानं गुणलं, खोलीनं गुणलं, आणि पंचवीस वर्षं चालणारा कारखाना तयार झाला. दगडामागे सव्वादोन वर्षं पडली.

अहवाल म्हणतो, विकसनशील देशानं कच्चा माल विकू नये, मूल्यवर्धन करावं. एकदम मान्य. गिनीकडे जगातला सर्वांत मोठा बॉक्साइटचा साठा आहे आणि त्यातला बहुतेक माल कच्चाच जहाजात चढतो. तसं आपलं होऊ नये. पण हिशेब तरी मांडा. दोन ते तीन टन बॉक्साइटमधून एक टन अ‍ॅल्युमिना, दोन टन अ‍ॅल्युमिनातून एक टन अ‍ॅल्युमिनियम, आणि त्या शेवटच्या टनाला चौदा हजार युनिटच्या आसपास वीज. आमच्याकडे नारळाची झावळी तारेवर पडली की दोन दिवस मिक्सर चालत नाही.

हे सगळं गावाला कळावं म्हणून मराठी सारांशही वाटला. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी तो स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. तो कुणी लिहिला नसावा, यंत्रातून काढला असावा. त्यात ‘प्लांट’चं भाषांतर ‘वनस्पती’ असं आहे. ‘प्रस्तावित वनस्पती चोवीस तास कार्यरत राहील.’ ‘वनस्पतीस कॉस्टिक सोड्याचा नियमित पुरवठा आवश्यक आहे.’ तात्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि विचारलं, “कलमी की रायवळ?” लाखो रुपये अहवालाला मोजता, आणि ज्यांच्या अंगणात हे येणार त्यांच्या भाषेतली दहा पानं एखाद्या शाळामास्तराकडून तपासून घ्यायला तुम्हाला हजार रुपये जड होतात?

आता आवाज चढलाच आहे तर चढू दे. एक टन अ‍ॅल्युमिनामागे टन ते दीड टन लाल चिखल उरतो. सोड्यानं जळजळणारा. तो तळ्यात साठवतात. हंगेरीत कोलोंतार गावाच्या डोक्यावर असं तळं होतं. ऑक्टोबर 2010 मध्ये त्याचा बांध फुटला आणि दहा माणसं गेली. आमच्या कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो, आणि अहवालात त्या तळ्यावर एक परिच्छेद आहे. एक! त्याच्याच वर सड्याची नोंद ‘पडीक जमीन’. अहो, तो जांभा पावसाळाभर पाणी पितो आणि मे महिन्यापर्यंत पायथ्याच्या झऱ्यांना थेंब थेंब सोडतो. तुम्ही ज्या सरबताचे दोन दोन ग्लास रिचवलेत, त्यातलं पाणी त्या पडीक जमिनीचं होतं! गोणीभर दगड उचलायला तुम्हाला वेळ होता, आणि दहा पावलांवरच्या विहिरीत एक बाटली बुडवायला नव्हता.

जनसुनावणीला तात्या गेले. त्यांचा प्रश्न एकच होता : माझे अकरा दगड परत कधी मिळणार? व्यासपीठावर जरा कुजबुज झाली. दगड दळून तपासणीत संपले, असं कळलं. आठवड्यानं इतिवृत्त आलं. त्यात नोंद आहे : ‘स्थानिक ज्येष्ठ नागरिकांनी प्रकल्पासाठी स्वखुशीने खनिज उपलब्ध करून दिले.’

काल गेलो तेव्हा तात्या गडग्याच्या भगदाडात करवंदीची काटेरी डहाळी खोचत होते. शेजाऱ्यांची म्हैस पलीकडे उभी राहून बघत होती.