मु. पो. कादंबरी येथील प्रोफेसर-नायकांस खुले पत्र

राजमान्य राजेश्री प्रोफेसर-नायक, मु. पो. मराठी कादंबरी, यांसी,

सायवन, तालुका डहाणू, जिल्हा पालघर येथून नमस्कार. विनंती विशेष.

महोदयांची सध्याची नेमणूक नेमकी कोणत्या महाविद्यालयात आहे, हे कादंबरी वाचून कधी कळत नाही. तिथे तास कमी आणि संध्याकाळी भरपूर असतात. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येत नाहीत. पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी शंका विचारायला येते ती थेट बंगल्यावर. दुसऱ्या प्रकरणात शंका फिटते, तिसऱ्यात प्रेम जुळते. महोदयांनी आता बदली मागून डहाणू-तलासरीकडे यावे, असा आग्रह करण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी महोदयांच्या घराण्याची थोडी उजळणी. १८९४ हे साल या घराण्याला भलतेच मानवले. जानेवारीत माधव त्र्यंबक पटवर्धन जन्मले, ऑगस्टात नारायण सीताराम फडके. पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकवत. एका विद्यार्थिनीशी जुळलेल्या स्नेहावरून गदारोळ उठला आणि १९२४च्या सुमारास त्यांना ती नोकरी सोडावी लागली. हाल झाले, हे खरे. पण पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात जागा मिळाली, १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, ‘छंदोरचना’ या ग्रंथावर मुंबई विद्यापीठाची डी.लिट. मिळाली. विद्यार्थिनीला काय मिळाले? कवीच्या चरित्रात एक प्रकरण.

फडके त्याच राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत. १९४२ साली त्यांनी आपली विद्यार्थिनी कमल दीक्षित हिच्याशी लग्न केले. तिचा जन्म १९१६चा, म्हणजे गुरुजी बावीस वर्षांनी थोरले. घरी पहिली पत्नी होतीच. हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतात ती १९४६ साली आली. या लग्नाचा महाराष्ट्रात बोभाटा व्हायचा तो झाला. कमलाबाई पुढे स्वतः कथा-कादंबऱ्या लिहून नावारूपाला आल्या, आणि महोदय हाच दाखला पुढे करतील याची खात्री आहे. मात्र दाखला देताना फडक्यांच्या पहिल्या पत्नीचे नाव आठवते का, तेही उलटटपाली कळवावे.

परदेशातला दाखला हवा असेल तर बाराव्या शतकातल्या पॅरिसचा पंडित आबेलार आहे. एलोईजला शिकवायला म्हणून तो तिच्या मामाच्या घरी राहिला आणि पाठ बाजूलाच राहिला. मामाने माणसे पाठवून त्याचे पौरुष छाटून टाकले. महोदयांनी दचकू नये. डहाणूकडे एवढी टोकाची प्रथा नाही.

इकडे प्रेमाला तितकेसे कोणी घाबरतही नाही. वारली पाड्यांवर दोघांचे मन जुळले की पुष्कळदा संसार आधी सुरू होतो आणि पैसा हाती आला की लग्न मागाहून लागते. कधी आईबापांचे लग्न पोरांच्या देखत लागते. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे पुरोहिताचे काम करणारी बाई. देज, म्हणजे वधूमूल्य, द्यायचे ते वराकडच्यांनी. थोडक्यात, बंड करून समाजाला हादरवून सोडण्याचा महोदयांचा विचार असेल तर तो इथे वाया जाईल. पाड्यावर फार तर विचारतील, देज किती देता?

अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी.

सायवनची मुलगी आश्रमशाळेतून बारावी होऊन तलासरी, डहाणू किंवा बोर्डीच्या महाविद्यालयात येते. पुष्कळदा तिच्या घरातली कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच असते. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मोठे माणूस तिला विचारते, “तुला या कवितेत काय दिसले?” अशा माणसावर एकोणिसाव्या वर्षी जीव जडला तर त्यात हसण्यासारखे काही नाही. मुलग्याचा जीव मॅडमवर जडतो तोही असाच. कवितेची ओढ कुठे संपते आणि सरांची कुठे सुरू होते, हे त्या वयात भल्याभल्यांना उमगलेले नाही. ते उमगण्याची जबाबदारी पगार घेणाऱ्यावर असते. हजेरी त्याच्या हातात, अंतर्गत गुण त्याच्या हातात, शिष्यवृत्तीच्या कागदावरची शिफारसही बहुधा त्याच्याच हातात. तिने “हो” म्हटले तर त्यातला किती भाग मनाचा आणि किती हजेरीपटाचा, हे महोदय कसे ओळखणार?

हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. इथे लग्नगडी नावाची पद्धत होती. लग्नापुरते कर्ज घेतलेला वारली सावकाराकडे जन्मभर राबायचा आणि त्याच्यासोबत त्याची बायकोही. वही मालकाची, आकडे मालकाचे. मालकाची मर्जी एखाद्या बाईवर बसली तर तिला नकार देण्याची सोय नव्हती. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नगडी बंद करण्याचे ठरले. गोदावरी परुळेकरांनी ही हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिली, १९७२ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तलासरीच्या महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. महोदय म्हणजे सावकार नव्हेत, हे मान्य. पण वही कोणाकडे आहे, हे आधी पाहायची सवय या लोकांना महोदयांच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे.

शिवाय कायदाही आता कादंबरीच्या पुढे गेला आहे. येल विद्यापीठाने २०१० साली आणि हार्वर्डने २०१५ साली पदवीच्या विद्यार्थ्यांशी अध्यापकांच्या प्रेमसंबंधांना बंदी घातली. आपल्याकडे अशी सरसकट बंदी नाही. मात्र लैंगिक छळाविरुद्धचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २०१६पासून लागू आहेत. झुकते माप देण्याचे आमिष किंवा नुकसान करण्याची धमकी, उघड असो वा आडून, त्यात छळ म्हणूनच मोडते. प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती हवी, अध्यक्षस्थानी ज्येष्ठ महिला प्राध्यापक हवी, विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची. कादंबरीतल्या महाविद्यालयात ही समिती दिसत नाही, म्हणून मुद्दाम कळवले.

तेव्हा महोदयांनी जरूर यावे. रानातून चालत येणाऱ्या पोरांना कविता शिकवावी, उत्तरपत्रिका वेळेत तपासाव्यात. एखादीचा जीव जडलाच तर ते तिच्या वयाचे देणे समजून मायेने, पण दार उघडे ठेवून, अंतरावर राहावे. एवढे करूनही महोदयांचाच जीव जडला, तर ती पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत आणि तिच्या कुठल्याही कागदावर महोदयांची सही लागेनाशी होईपर्यंत थांबावे. मग सायवनला येऊन विचारावे. ती “नाही” म्हणाली, तर शेवटची एस.टी. कितीची आहे ते थांब्यावर कोणीही सांगेल.

कळावे. लोभ असावा, तोही निकाल लागल्यानंतर.

सायवनचा एक वाचक