हवेत पाऊण तास

शहागडच्या फाट्यावर उभं राहून बीडला किती वेळ लागेल असं विचारलं, तर कुणी घड्याळाकडे बघत नाही. "गाडी भेटली की तासाभरात," म्हणतात. एसटी येते ती खच्चून भरलेली. थांबली तर आपली. काळीपिवळीवाला "बसा, निघालोच" म्हणून आपल्याला आत कोंबतो आणि स्वतः चहाला जातो. रस्ता आता चौपदरी झालाय, सोलापूर-धुळे महामार्ग म्हणजे काय चेष्टा नाही. पण गाडी भरल्याशिवाय हलत नाही, त्याला चौपदरी काय करणार?

आमच्या आत्याचा नातू सध्या ॲमस्टरडॅमला असतो. फोनवर म्हणाला, "लंडनला चाललोय, सव्वा तासाचं विमान." आत्याला ते तितकंसं पटलं नाही. "एवढ्यात आपलं गेवराई मागं पडतं," ती म्हणाली.

मी हिशेब करून पाहिला. दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर आहे ३७० किलोमीटरच्या आसपास. शहागडहून मुंबई सरळ रेषेत तीनशेच्या घरात, म्हणजे फार लांबची गोष्ट नाही. तेवढ्याला विमान प्रत्यक्ष हवेत असतं पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. उरलेला वेळ? तो सगळा जमिनीवर. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पलीकडे जागेवर लागलं की संपतो. ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर २००३ साली एक नवी धावपट्टी सुरू झाली, ती इतकी दूर की तिथवर जायलाच विमानाला दहा ते वीस मिनिटं लागतात. वाटेत ते एक महामार्गही पुलावरून ओलांडतं. वर विमान, खाली मोटारी! आपल्याकडे वर ट्रॅक्टर आणि खाली गोदावरी.

त्यात लंडनचं घड्याळ तासभर मागं. सातला निघालेला माणूस तिथल्या सव्वासातला पोचतो. शहागडच्या पुलावर जालन्याचा जिल्हा संपून बीडचा लागतो, पण घड्याळाचा काटा काही हलत नाही. तेवढी सवलत आम्हाला नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत तर याहून मजा आहे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. वारा पाठीशी असला तर मिनिटाच्या आतही उतरतात. ५३ सेकंदांचा विक्रम आहे. अंकुशनगरच्या कारखान्याचा हंगाम ऐन भरात असताना, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे सापडून कुणी आमचा पूल ५३ सेकंदांत ओलांडून दाखवावा.

विमान कंपन्यांची एक युक्ती मात्र मला भारी आवडली. त्या वेळापत्रकात मुद्दामच काही मिनिटं जास्तीची धरून ठेवतात. विमान थोडं रखडलं तरी वेळेवरच पोचतं आणि वर तशी घोषणाही होते. काळीपिवळीवाल्याला हे सांगितलं. त्यानं बशीतला चहा संपवला, आणखी दोन पॅसेंजर मागच्या बाकावर सरकवले आणि म्हणाला, "आपण टाइमच सांगत नाही. आपली गाडी कधी लेट झालेली ऐकली का?"