गिअरबॉक्सवरच्या अर्थच्या केबलीस खुले पत्र

गिअरबॉक्सवरच्या अर्थच्या केबलीस,

तुला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात धजत नाही. तुझ्यापायी एक धडधाकट बॅटरी भंगारात गेली, सेल्फ खाली उतरवून त्याचे ब्रश बदलून झाले आणि तू बॅटरीच्या ट्रेखाली गंजक्या बोल्टाला चिकटून बसून राहिलीस. चोर सोडून संन्याशाला सुळी, तीही दोनदा!

आमच्या सोलापूरचा उन्हाळा तुझ्या पथ्यावर पडला. मे महिन्यात पारा 43 अंशांवर गेला की बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा लवकर झिजतात. त्यात कुणी डिस्टिल्ड वॉटरऐवजी बोअरचं क्षाराचं पाणी घातलं तर ती अकालीच संपते. त्यामुळे इथे गाडी स्टार्ट घेईना की पहिला संशय बॅटरीवरच. संशय रास्त आहे, पण मीटर लावून तो खरा की खोटा ते ठरवायला किती वेळ लागतो?

वडिलांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. चावी फिरवली तर नुसतंच ‘टक्’. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत. तू तिथेच पकडली जायला हवी होतीस. बॅटरी उतरलेली असती तर सेल्फ मारताना दिवे मिणमिणले असते. ते जराही मंदावले नाहीत. म्हणजे बॅटरीत दम होता, सेल्फला करंट मिळत नव्हता. दिव्यांचा अर्थ बॉडीवरून जातो आणि एका बल्बला चार-पाच अँपिअर पुरतात. सेल्फ दीडशेच्या घरात ओढतो आणि तेवढा सगळा करंट तुझ्यातूनच बॅटरीकडे परत यायचा असतो. तुझ्या गुन्ह्याचं कलम गेऑर्ग ओहमने 1827 सालीच लिहून ठेवलंय. 0.02 ओहमच्या अडथळ्यातून 150 अँपिअर न्यायचे तर 3 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बारा व्होल्टांतून तीन तू खाल्लेस तर सेल्फने फिरायचं कशावर?

तुला पकडलं एका वयस्कर वायरिंगवाल्या मेस्त्रींनी. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून त्यांनी सेल्फ मारायला सांगितलं. अर्ध्या व्होल्टाच्या आत दिसायला हवं तिथे आकडा तीनला भिडला. मग गाडी न्यूट्रलला आहे, हँडब्रेक ओढलाय, हे बघून त्यांनी जंपर केबलीचं एक टोक निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाला लावलं. पहिल्याच चावीला इंजिन बोललं.

तुझ्याइतकाच राग आहे तो एका शब्दानेही तुझी चौकशी न करता बॅटरीचं आणि सेल्फचं बिल फाडणाऱ्या गॅरेजवर. ज्याच्या घरात एकच जुनी गाडी आहे, त्याला असा अंदाजपंचे बदललेला पार्ट महिनाभर जाणवतो. मीटर तिथेही होता, भिंतीला टांगलेला.

आता तुझी जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली आहे, नवी जाड केबल आवळून वर व्हॅसलीन फासलंय. उद्या मी त्या गॅरेजात पैसे परत मागायला जाणार आहे. मीटरचे आकडे मेस्त्रींनी कागदावर लिहून दिलेत. सोबत तूही येशील, गंजलेल्या टोकासकट.

एक गाडीमालक,
विजापूर रोड, सोलापूर