नुरा कुस्तीचा रसिक होण्याची शास्त्रोक्त पद्धत

‘पण ते सगळं खोटं असतं ना?’ हा प्रश्न ज्याला आयुष्यात निदान दोनशे वेळा विचारला गेलेला नाही, त्याने ही मार्गदर्शिका मिटून ठेवावी आणि तेवढा अनुभव गाठीशी बांधून मगच यावे. बाकीच्यांनी पंख्याखाली बसून घ्यावे.

या प्रश्नावर चिडू नये. चिडणे हे नवशिक्याचे लक्षण. मुरलेला रसिक शांतपणे सांगतो की हो, निकाल आधी ठरलेला असतो, आणि ही गोष्ट खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीनेच १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे कबूल केलेली आहे. खेळ म्हटला की क्रीडा आयोगाचा परवाना आला, कर आला. करमणूक म्हटली की त्यातून सुटका. तेव्हा मालक विन्स मॅकमहनच्या माणसांनी खरे काय ते सांगून टाकले. कर वाचवण्यासाठी खोटे बोलणारे गल्लोगल्ली भेटतात. कर वाचवण्यासाठी खरे बोललेले मी तरी हेच पाहिले. एवढे ऐकून समोरचा गप्प बसतो. नाहीच बसला तर विषय पाऊसपाण्यावर न्यावा.

मराठी रसिकाची एक जास्तीची सोय म्हणजे ठरवून लढलेल्या कुस्तीला आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ हा तयार शब्द आहे. अडचण एवढीच, की तो शिवीसारखा वापरतात. दोन पुढाऱ्यांचे भांडण पेपरात छापून आले की खाली कुणीतरी तो चिकटवतोच. पण तुलना करून पाहा. पुढाऱ्यांची नुरा कुस्ती आपण कर भरून बघतो, आणि तिच्यात कुणी सोळा फुटांवरून खाली पडत नाही.

पूर्वतयारी आणि शुद्धीकरण

नव्वदच्या दशकात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला आपण या विषयातले अधिकारी आहोत असे वाटते. त्याचे सगळे ज्ञान पैलवानांच्या ट्रम्प कार्डांतून आलेले असते: रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. छातीचे माप मोठे तो पैलवान मोठा, या तत्त्वावर आमच्या पिढीचा पिंड पोसला गेला. हे आधी विसरावे लागते.

दुसरी विसरायची गोष्ट म्हणजे अंडरटेकर या पैलवानाचे सात जन्म. आमच्या वर्गात तो सात वेळा मरून परत येतो यावर एकमत होते. मतभेद होता तो सध्या कितवा जन्म चालू आहे यावर. याला आधार नव्हता असे नाही. जानेवारी १९९४ मध्ये दहा जणांनी मिळून त्याला शवपेटीत कोंबला, आणि थोड्या वेळाने तो छताकडे तरंगत गेला. उन्हाळ्यात तो परत येण्याआधी कंपनीने एक तोतया अंडरटेकर उभा केला होता. आता खरी मौज ऐका. १९९६ च्या ‘खिलाडियों का खिलाडी’ या सिनेमात अक्षयकुमारने ज्या अंडरटेकरला उचलून आपटले, तो हाच तोतया, ब्रायन ली. ज्या दृश्यावरून आम्ही मधल्या सुट्टीत मारामाऱ्या केल्या, त्यात अंडरटेकर नव्हताच. ही माहिती चाळिशीतल्या पुरुषाला सांगताना त्याला आधी खुर्चीवर बसवावे.

घराणी

गाण्याच्या मैफलीत जसे ‘हे किराण्याचं नाही’ असे पुटपुटल्याशिवाय माणूस जाणकार ठरत नाही, तसे इथेही घराणी माहीत हवीत. ब्रिटिश घराणे पटकन उरकतो: शनिवारी दुपारी टीव्ही, फेऱ्या मोजून कुस्ती, मनगट पिरगाळणे आणि ते सोडवून घेणे, आणि प्रेक्षकांत पर्स उगारणाऱ्या आज्जीबाई. ऐकायला विलंबित, बघायलाही विलंबित. आवडते असे सांगावे, फार बघू नये.

मेक्सिकन घराण्याला मात्र वेळ द्यावा. तिथे १९३३ पासून ‘लुचा लिब्रे’ची पेढी चालू आहे, आणि शुक्रवारी रात्री अरेना मेक्सिको भरते. सज्जन तो टेक्निको, दांडगट तो रूडो. माणसे दोरावरून हवेत झेपावतात, गिरक्या घेत प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर कोसळतात, आणि प्रतिस्पर्धीही त्यांना अदबीने झेलतो. ‘यात झेलणाऱ्याचा हात दिसतो’ अशी तक्रार करणारे भेटतील. त्यांना लग्नातल्या फुगडीत दुसरीचा हात दिसत नाही का, असे विचारावे.

पण या घराण्याचा जीव आहे मुखवट्यात. आपला दशावतारी नट पहाटे रंग पुसतो आणि एसटी पकडून घरी जातो. तिथे मुखवटा पणाला लावून लढत होते, आणि हरणाऱ्याला तो सगळ्यांसमोर काढून आपले खरे नाव सांगावे लागते. तो मुखवटा मग पुन्हा चढत नाही. एल सांतो या रुपेरी मुखवट्याच्या पैलवानाने पन्नासेक सिनेमे केले, सगळे मुखवट्यात. मरणाच्या थोडे आधी टीव्हीच्या एका कार्यक्रमात त्याने तो जरासा वर केला. फेब्रुवारी १९८४ मध्ये तो गेला, तेव्हा त्याला मुखवट्यासकटच पुरले. निकाल ठरलेला होता म्हणून हे खोटे, असे म्हणण्याची माझी छाती नाही. आणि माझ्या छातीचे माप ट्रम्प कार्डावरही नाही.

जपानी घराण्यात निकाल ठरलेला, पण मार बराचसा खरा. युद्ध हरलेल्या जपानला १९५४ मध्ये टीव्हीवर रिकिडोझान दिसला. धिप्पाड अमेरिकन पैलवानांना तो तळहाताच्या कडेने झोडपत होता आणि देश दुकानांतल्या टीव्हींपुढे उभा राहून रडत होता. हा राष्ट्रपुरुष जन्माने कोरियन होता, आणि ते दडवून ठेवलेले होते. म्हणजे लोक ज्या खोटेपणाचा शोध रिंगमध्ये घेतात, तो भलत्याच ठिकाणी होता.

‘खरी कुस्ती बघायला आवडेल’ असे म्हणणाऱ्या पाहुण्यासाठी याच घराण्यात एक जालीम औषध आहे. जून १९७६, टोकियोचे बुदोकान, रिकिडोझानचा चेला अँटोनियो इनोकी विरुद्ध मुहम्मद अली. यात निकाल ठरलेला नव्हता. पाहुण्याला चहा द्यावा आणि पंधराच्या पंधरा फेऱ्या दाखवाव्यात. इनोकी जवळजवळ सबंध वेळ पाठीवर लोळून अलीच्या पोटऱ्यांवर लाथा घालतो, अली त्याच्याभोवती फिरत ‘ऊठ’ म्हणतो, आणि जगज्जेत्याचे ठोसे हाताच्या बोटांवर मोजून होतात. शेवटी बरोबरी. पाहुणा सातव्या फेरीच्या आसपास घड्याळ बघू लागला की विचारावे, ‘खरं हवं होतं ना?’ (याच अलीने बढाया मारण्याची विद्या गॉर्जस जॉर्ज नावाच्या, अत्तर फवारत रिंगमध्ये येणाऱ्या नुरा पैलवानाकडून उचलली होती. हे त्याला दाराशी चप्पल घालताना सांगावे.)

नव्वदच्या दशकात मिसावा, कावाडा, कोबाशी आणि ताउए या चौघांनी हे घराणे ज्या उंचीवर नेले, तिथून ते मानेवर पडले. हे शब्दशः घ्यावे. मित्सुहारू मिसावा १३ जून २००९ रोजी हिरोशिमात रिंगमध्ये असाच एकदा पाठीमागे पडला आणि उठला नाही. इथे विनोद करू नये.

पडणाऱ्याकडे बघणे

या सगळ्या साधनेचा गाभा एका वाक्यात: मारणाऱ्याकडे बघू नका, मार खाणाऱ्याकडे बघा. ठोसा कुणीही मारील. तो लागला असे दाखवणे, आणि समोरच्याला राक्षस करून सोडणे, याला या धंद्यात ‘सेल करणे’ म्हणतात, आणि सगळी कला तिथे आहे. तबलजीमुळे गवई मोठा दिसतो तसे.

रिक फ्लेअर हा या कलेतला माझा देव. सोनेरी केस, अंगावर मोरासारखा झगा, तोंड चालू. पण एकदा मार बसायला लागला की हा जगज्जेता गुडघ्यांवर बसून हात जोडायचा. फटका खाऊन दोन-चार पावले सरळ चालायचा, जणू काही झालेच नाही, आणि मग तोंडावर सपशेल आडवा. १९८९ मध्ये रिकी स्टीमबोटबरोबर त्याने शिकागो, न्यू ऑर्लिन्स आणि नॅशव्हिल इथे तीन लढती केल्या. मधली जवळजवळ पंचावन्न मिनिटांची. त्या बघून झाल्यावर हल्क होगनविषयी जरा नाक मुरडावे. बोट दाखवणे, तीन ठोसे, बूट, मांडीची आपट, संपले. मात्र कुणी फारच नाक मुरडू लागला तर लगेच बाजू बदलून सांगावे, की हाच होगन जपानला गेला की तालमीतल्यासारखे डाव-प्रतिडाव करायचा. अमेरिकेत त्याची गरज नव्हती म्हणून करत नव्हता. दोन्ही मते एकाच संध्याकाळी मांडता येणे ही सिद्धी समजावी.

आणि मग मिक फोली. २८ जून १९९८, पिट्सबर्ग. अंडरटेकरने (खऱ्या) त्याला सोळा फुटी पिंजऱ्याच्या माथ्यावरून समालोचकांच्या टेबलावर भिरकावला. स्ट्रेचर आले. तो स्ट्रेचरवरून उतरला, पुन्हा वर चढला, आणि आता जाळीच मोडून रिंगमध्ये कोसळला. पुन्हा उठला तेव्हा तोंडात रक्त होते, दात निखळलेला होता, आणि तो हसत होता. फोलीकडे ना देह होता, ना चपळाई. ट्रम्प कार्डांत तो आला की आम्ही कपाळावर हात मारायचो. त्याला फक्त पडता यायचे.

वाद कसा घालावा

डेव्ह मेल्टझर नावाचे एक अमेरिकन पत्रकार लढतींना तारे देतात, पाचपैकी. २०१७ मध्ये टोकियो डोममधल्या ओकाडा–ओमेगा लढतीला त्यांनी सहा दिले आणि पुढच्या वर्षी याच जोडीला सात. आपल्याकडे शंभरपैकी एकशे चाळीस पडलेल्या विद्यार्थ्याच्या घरी पोलीस येतील. या ताऱ्यांना मानायचे नाही, पण पाठ असायला हवेत.

सोंगांवरून कुणी हसले तर हसू द्यावे, कारण ती हसण्यासारखीच असतात. एक पैलवान आयकर खात्याचा माणूस होता. टाय लावून, बॅग घेऊन रिंगमध्ये यायचा आणि प्रेक्षकांना कर भरा म्हणून दटावायचा. जपानचा सुमो म्हणून मिरवलेला योकोझुना सान फ्रान्सिस्कोत वाढलेला सामोअन. १९९५ मध्ये आलेला दुष्ट दंतवैद्य दोन वर्षांत लाल मुखवटा घालून अंडरटेकरचा जळालेला भाऊ केन झाला, आणि २०१८ मध्ये टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा निवडून आलेला महापौर. या शेवटच्या सोंगातला मुखवटा कोणता, हे मतदार जाणोत.

भारतीय रसिकाची खरी कसोटी खली. २००६ मध्ये आपल्या दलीपसिंग राणाने अंडरटेकरला लोळवला आणि पुढच्या वर्षी तो जगज्जेता झाला, तेव्हा घरोघरी पेढे वाटायचे बाकी होते. रसिक म्हणून मला ठाऊक होते की खलीला चालतानाही त्रास होतो आणि पडणे त्याला जमत नाही. मी तरीही ओरडलो. असे प्रसंग कबूल करून टाकावेत, मनात ठेवू नयेत. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंग काँगच्या लढती बघून घसा बसवून घेतलेल्या माणसांची पोरे आपण. हे रक्तातच आहे.

घरातला नास्तिक

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग. प्रत्येक मराठी घरात एक माणूस असतो, ज्याने खरी कुस्ती केलेली असते. आमच्याकडे ते आप्पा, वडिलांचे थोरले भाऊ. तरुणपणी तालमीत घुमलेले, खासबागेच्या मातीत दोन-चार कुस्त्या मारलेले, कान मोडलेले. त्यांच्यापुढे युक्तिवाद चालत नाहीत. इनोकी-अलीही चालत नाही. ‘दोघंबी भ्याले हुते’ एवढ्यात ते निकालात काढतात.

गेल्या दिवाळीत मी त्यांना काहीही न सांगता नोव्हेंबर १९९७ ची माँट्रियलची लढत लावून दिली. ब्रेट हार्ट, कॅनडाचा लाडका, विरुद्ध शॉन मायकल्स. आप्पा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. ‘ह्येला पट काढता येत न्हाई... ह्यो नुसता नाचतोय.’ मग मायकल्सने ब्रेटचाच ठेवणीतला डाव ब्रेटवर घातला, पाय अडकवून पालथा केला, आणि लगोलग घंटा वाजली.

आप्पा ताडकन सरळ झाले. ‘आरं, हात कुठं आपटला त्येनं? सोडला न्हाई अजून! पंच खाल्लाय ह्यो!’

मी व्हिडिओ थांबवला. सांगितले, की यातले सगळे ठरलेले होते, फक्त हे सोडून. ब्रेट दुसऱ्या कंपनीत निघाला होता, आपल्या लोकांसमोर हरायला तयार नव्हता, आणि मालकाने पंचाला हाताशी धरून त्याला रिंगमध्येच फसवले. त्यानंतर ब्रेट मालकाच्या तोंडावर थुंकला आणि आत जाऊन ठोसा मारला, तोही खरा.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘लेका, मागं घे.’

मी मागे घेतले. या खेपेला ते पैलवानांकडे बघतच नव्हते. घंटा झाली, पंच रिंगमधून खाली सटकला, आणि आप्पांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

‘पळायची घाई बघ त्येची,’ ते म्हणाले. ‘अजून एकदा लाव.’