पंचावन्न किलोंचे गुरुजी

२०२० साली मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईची भारदस्त मंडळी गाडीसकट किनाऱ्यावर उतरू लागली. शनिवारी सकाळी बंगल्याच्या हिरवळीवर त्यांना व्यायाम शिकवायला येतो अलिबागजवळच्या किहीमचा पंचावन्न किलोंचा पोरगा. वजनाची शंभरी ओलांडलेले शेठ त्याला आपादमस्तक न्याहाळतात, "तू शिकवणार मला?"

कुस्तीच्या ५७ किलो गटातल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं. त्याच वर्षी चार फूट अकरा इंचांचे मनोहर आइच मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटात पहिले आले. पण शेठना दाखले नकोत, दंड हवेत.

पोरगा वाद घालत नाही. शंका ऐकण्याचेही पैसे त्याच्या फीमध्ये धरलेले असतात. तो वीस बैठका मोजतो, शेठ त्यातल्या आठ काढतात. थंडीत संध्याकाळी पोपटी लागते. भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजलेल्या वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी रिचवत शेठ निदान करतात, "याच्या ट्रेनिंगमध्ये दम नाही. स्वतःच बघा किती वाळलाय!"

'अलिबाग से आया है क्या' या टोमण्यावर बंदी घालायला उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नकार दिला. पोरग्याची काही हरकत नाही. तो अलिबागचाच, वजन तेवढं दर शुक्रवारी मुंबईहून येतं आणि रविवारी थोडं वाढून परत जातं.