बिनबंदुकीचे शिकारी

गणेश चतुर्थीला चेन्नईत अड्यारच्या गांधीनगरातल्या त्या मराठी घरी पाहुण्याने पहिला मोदक फोडला, की यजमान काका हळूच विचारतात, “पारी कशी वाटली?” पाहुणा बिचारा काकूंच्या हाताचं कौतुक करायला म्हणून “एकदम पातळ!” म्हणतो आणि तिथेच फसतो. काकांना मोदकाशी काही देणंघेणं नसतं. त्यांना व्ही-मॅक्सवर यायचं असतं.

व्ही-मॅक्स ही हॉर्नडी या अमेरिकी कंपनीची बंदुकीची गोळी. तिकडच्या कुरणांत बिळं करणारे प्रेअरी डॉग, म्हणजे खारीच्या कुळातले किलोभर वजनाचे उपद्रवी जीव, टिपायला बनवलेली. वजन ४० ग्रेन. ग्रेन म्हणजे मुळात जवाचा एक दाणा. चाळीस दाण्यांचे साधारण २.६ ग्रॅम होतात. “वरून तांब्याची पारी, आत शिशाचं सारण,” काका मोदक हातात फिरवत सांगतात, “आणि हे नाक आहे ना, ते प्लास्टिकचं. लाल. गोळी लागली की नाक पाचरीसारखं आत घुसतं आणि पारीच्या चिंधड्या!” या वाक्याला मोदक दाबला जातो. तूप टेबलक्लॉथवर. काकू दुसरा टेबलक्लॉथ आधीच काढून ठेवतात.

चिंधड्या का हव्यात, हेही काकांना पाठ आहे. गोळी आरपार गेली किंवा दगडावरून उडाली, तर पलीकडच्या शेतातल्या गाईला लागायची. ती जागच्या जागी भुगा झालेली बरी. पण पारी किती पातळ करायची, यालाही मर्यादा असते. हॉर्नडीचीच एसएक्स नावाची गोळी इतकी नाजूक, की सेकंदाला ३५०० फुटांच्या वर हाकली तर वाटेतच फुटण्याची भीती. “उकडीला चीर पडली की मोदकपात्रातच सारण बाहेर, तसं,” काका म्हणतात. उपमा चोख आहे, हे काकूही मान्य करतात.

मग तुलना सुरू होते. नॉस्लरची बॅलिस्टिक टिप, याच मापात नारिंगी नाकाची. सिएराची ब्लिट्झकिंग, हिरव्या नाकाची. बार्न्सच्या गोळीत शिसंच नाही, तांबं आणि कथिल यांची दाबून बसवलेली भुकटी. खरं सांगायचं तर पहिल्या तिघींत सामान्य माणसाला दिसणारा फरक नाकाच्या रंगाचा. पण कांजीवरम आणि धर्मावरममधला फरक तरी सामान्य नवऱ्याला कुठे दिसतो? काकांना दिसतो. नळीत बारा इंचांना एक वेढा असेल आणि वेग ३८०० फूट असेल, तर गोळी मिनिटाला २ लाख २८ हजार वेळा स्वतःभोवती फिरते, हा हिशेब ते भाजीवाल्याच्या पावतीमागे करून दाखवतात.

काकांकडे बंदूक नाही. कधीच नव्हती. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय नुसतं काडतूसही बाळगता येत नाही आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी. त्यामुळे संग्रहात आहे ते एक व्हर्नियर कॅलिपर, सोनाराकडचा असतो तसला छोटा काटा आणि कंपन्यांचे कॅटलॉग. त्याच वन्यजीव कायद्यात कावळे, उंदीर आणि फळं खाणारी वटवाघळं यांची ‘उपद्रवी’ म्हणून एक अनुसूची होती, तेवढाच आधार होता. २०२२ च्या दुरुस्तीत तीही गेली. काका दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. काकूंच्या मते एकच वेळ, आणि तीही एकादशी होती.

त्यात गाव अड्यार. राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडून १९६० च्या कायद्याला वाट करून देणाऱ्या आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या पशुकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष असणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल इथल्याच. शेजारच्या गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानात चितळं आणि काळवीट निवांत चरतात.

मागल्या हिवाळ्यात वर्ध्याहून मेहुण्याचा फोन आला. तुरीत रोही, म्हणजे नीलगाई, शिरले होते. काकांनी ताबडतोब ४० ग्रेनची शिफारस केली. “भाऊजी,” पलीकडून आवाज आला, “दोनशे किलोचा रोही हाय तो, अन् तुमी उंदराची गोळी सांगून राह्यले!” बरोबरच होतं. ती गोळी रोह्याच्या कातड्यावरच फुटली असती. जनावर जखमी झालं असतं, मेलं नसतं. आपल्याकडे शेतकऱ्याला छळतात ते रोही आणि रानडुक्कर. त्यांच्यापुढे काकांची सगळी विद्या म्हणजे लवंगी फटाका.

एक संधी मात्र चालून आली. सोसायटीच्या गटारात घूस निघाली. काकांनी गच्चीवरून अंतर मोजलं, वाऱ्याची दिशा टिपली, गोळीची निवडही केली. “पेरुच्चाळी, सार,” असं घुशीचं तमिळ नाव तेवढं बोलून वॉचमन कोपऱ्यावरच्या टपरीवर गेला आणि मसाल वडा घेऊन आला. वडा पिंजऱ्यात लटकवण्याआधी काकांनी तो मागून घेतला आणि आपल्या काट्यावर ठेवला.

भरला ३१ ग्रॅम. म्हणजे ४७८ ग्रेन. घूस दुसऱ्या रात्री सापडली.