सोडलेला मासा

आमचे मेहुणे पुण्याला असतात आणि सुट्टीत गळ टाकतात. आमच्याकडे गळ म्हणजे बांबूची काठी, नायलॉनचा दोरा आणि तरंगायला थर्माकोलचा तुकडा. मेहुण्यांकडे घडीची काठी, तिला रीळ आणि रबरी बेडकांनी भरलेली एक पेटी आहे. गेल्या दिवाळीत ते ही पेटी घेऊनच परभणीला आले. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे दरवर्षी ऐकवून झालेलं असल्यामुळे या खेपेला काहीतरी दाखवणं भाग होतं. म्हणून त्यांना जिंतूरपुढे येलदरीला नेलं. पूर्णेवरचं हे धरण 1968 सालचं. पाऊस बरा झाला होता, पाणी डोळ्यांत मावत नव्हतं.

मेहुण्यांनी पाणी पाहिलं, पेटी उघडली आणि विचारलं, "इथले मासे जंगली आहेत ना?"

माशाला कसलं आलंय जंगल, ते मला कळेना.

"म्हणजे आपले आपण वाढलेले, की कुणी आणून सोडलेले? सोडलेला मासा धरणं म्हणजे पोल्ट्रीत शिरून शिकार केली म्हणण्यासारखं आहे."

काठावर एक भोईकाका जाळं सांधत बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "समदेच सोडेल हायेत जी. रोहू, कटला, मृगळ. न सोडता काय आभाळातून पडतेत?"

काका बरोबर बोलले. ही तिन्ही मंडळी मूळची गंगेकडची. शिवाय त्यांचा एक नखरा आहे: साठलेल्या पाण्यात ती खातात, पितात, वाढतात, पण अंडी घालत नाहीत. त्यासाठी त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्याच मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी घालायला लावली, तेव्हा कुठे देशभरच्या तळ्याधरणांत बीज सोडणं सोपं झालं. मत्स्यखात्याच्या भाषेत माशाचं वाढतं पिल्लू म्हणजे आधी मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, मग मत्स्यबोटुकली. पहिल्याचं माप मिसळणाच्या डब्यात, शेवटच्याचं आपल्याच हाताला. सरकारी कागदावर इतकं गोड मराठी मी दुसरीकडे वाचलेलं नाही. तिघांना एकत्र सोडतात, कारण कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. तीन मजली चाळ, पण नळावर भांडण नाही.

हे सगळं मी मेहुण्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी. पोल्ट्री."

तेव्हा मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं अख्खं प्रकरण गळाने मासे धरण्यावर आहे. दोरा कसा वळावा, कुठल्या माशाला कसलं आमिष लावावं, आणि मुख्य म्हणजे माशांना आधी खाऊ घालून कसं सोकावून ठेवावं, हेही. राजाला पाळलेल्या माशाची लाज वाटली नाही.

"तो राजा होता," मेहुणे म्हणाले. "त्याला कोण बोलणार?"

गळ टाकण्याआधी काकांनी आम्हाला रीत सांगितली. ज्या सोसायटीचा ठेका तिच्या माणसाला इचारल्याबिगर दोरा भिजवायचा नाही. बसलेल्या माणसाच्या पुढ्यात गळ टाकायचा नाही. आणि 'किती लागले?' असं कुणाला इचारायचं नाही, कारण इचारलं की त्याला खोटं बोलावं लागतं आणि ते पाप इचारणाऱ्याला. पंधरा मिनिटांत मेहुण्यांनी तिन्ही कलमं मोडली. पहिल्यासाठी मी काकांचीच क्षमा मागितली, कारण ठेका त्यांच्याच सोसायटीचा होता.

दुपारी दोनपर्यंत रबरी बेडूक नुसतेच पोहून आले. शेवटी काकांना दया आली. त्यांनी त्यांच्या डब्यातल्या कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून बोराएवढी गोळी दिली. अर्ध्या तासात मेहुण्यांची काठी वाकली. मेहुणे "धरा, धरा!" असं काठीला, माशाला की मला म्हणत होते ते समजलं नाही. मी त्यांची कंबर धरली. काकांनी मासा धरला.

रोहू होता. काकांनी उलटासुलटा करून पाहिला. "मागच्या साली आमीच सोडेल हाय," ते म्हणाले, घरच्या पोराला ओळखावं तसं.

आता मेहुणे तो पाण्यात परत सोडतील, अशी माझी अपेक्षा. पोल्ट्रीचं तत्त्व सकाळपासून ऐकत होतो. पण मेहुण्यांनी रोहूला दोन्ही हातांवर आडवा घेतला, हात कॅमेऱ्याकडे जितके लांब जातील तितके लांब केले, आणि माझ्याकडून सतरा फोटो काढून घेतले. त्यातला एक तिथूनच स्टेटसला टाकला. खाली लिहिलं: 'जंगली रोहू, येलदरी.'

काकांनी रोहू तराजूत टाकला. सातशे ग्रॅम भरला. बाजारभावाने पैसे घेतले, आणि कणकेच्या गोळीचे काही लावले नाहीत.